अटक आणि स्थानबद्धता एक नव्हे

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पोलीस अधिकाऱ्यावरच्या 'फॉइल्स वॉर' या ब्रिटिश मालिकेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखात 'अटक' हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींसाठी वापरला आहे: खुनाच्या संशयिताला पकडणे, जर्मन नागरिकाला छावणीत नेणे आणि ब्रिटिश नागरिकाला गृहमंत्र्याच्या सहीने डांबणे. 1940 च्या इंग्लंडमध्ये या तिन्हींचा आधार वेगळा होता आणि आत गेलेल्या माणसाला सुटायची वाटही वेगळी होती. मराठीत खटल्याविना डांबण्यासाठी 'स्थानबद्धता' हा नेमका शब्द असताना तो टाळल्यामुळे मालिकेतला पेचच निसटतो.

पहिल्याच भागाचे पाहा. मे 1940, हेस्टिंग्ज. एका दंडाधिकाऱ्याची जर्मन वंशाची पत्नी नवऱ्याच्या वजनामुळे छावणीतून वाचली, असा कथेचा रोख. कायद्याने पाहिले तर तिला वशिल्याची गरजच नव्हती. 1914 च्या नागरिकत्व कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न करणारी स्त्री आपोआप ब्रिटिश ठरत असे. म्हणजे ती 'शत्रुराष्ट्राची नागरिक' नव्हतीच. याच नियमाची दुसरी बाजू अधिक क्रूर होती: जर्मनाशी लग्न केलेली, इंग्लंडातच जन्मलेली बाई परकी ठरायची. या बाजूवर एखादा भाग निघाला असता तर तो जास्त बोचला असता.

खऱ्या परक्यांचे काय झाले? 1939 च्या शरद ऋतूपासून न्यायाधिकरणांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना अ, ब, क अशा गटांत वाटले. 'अ' गटातले छावणीत, 'ब' गटातल्यांवर प्रवासाचे वगैरे निर्बंध, 'क' मोकळे. बहुसंख्य 'क' गटात होते, आणि त्यांतले पुष्कळसे नाझींपासून पळून आलेले निर्वासित. पण 12 मे 1940 ला दक्षिण आणि पूर्व किनारपट्टीवरच्या 16 ते 60 वयाच्या पुरुषांना गट न पाहता उचलण्यात आले. हेस्टिंग्ज याच पट्ट्यात येते. आधार होता राजसत्तेचा विशेषाधिकार, त्यामुळे न्यायालयात दाद मागायला जागा जवळपास नव्हतीच. स्थानिक पोलिसाच्या हाती यादी यायची. नाव खोडण्याचा अधिकार त्याला नव्हता, मग तो कितीही सज्जन असो.

ब्रिटिश नागरिकांना असे डांबण्यासाठी युद्धकाळच्या संरक्षण नियमावलीतला नियम 18-ब होता. त्याच्या शब्दरचनेचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. सप्टेंबर 1939 च्या मूळ मसुद्यानुसार माणूस देशाला धोकादायक असल्याची गृहमंत्र्याची 'खात्री पटली' की पुरे होते. ऑक्टोबरअखेर संसदेच्या कॉमन्स सभागृहात गदारोळ झाला आणि शब्द बदलले: गृहमंत्र्याकडे तसे मानण्यास 'वाजवी कारण' असले पाहिजे. पुढे 22 मे 1940 ला काही संघटनांच्या सदस्यांसाठी नियम आणखी रुंद झाला, आणि दुसऱ्याच दिवशी फॅसिस्ट पुढारी ओस्वाल्ड मोझ्ली आत गेला. ऑगस्टअखेरीस स्थानबद्धांची संख्या 1,400 च्या वर होती.

आत गेलेल्याला खटला नाही, आरोपपत्र नाही. नॉर्मन बर्केट यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीपुढे तो जाऊ शकत होता. कारणे त्याला कळवली जात, पण माहिती कोणी दिली ते नाही. वकिलाला खोलीत प्रवेश नाही. आणि समितीचा सल्ला गृहमंत्र्यावर बंधनकारक नाही. संसदेने एक पाचर मात्र मारून ठेवली होती: किती जण आत आहेत आणि किती प्रकरणांत समितीचा सल्ला डावलला, याचा हिशेब गृहमंत्र्याने दर महिन्याला द्यायचा.

रॉबर्ट लिव्हरसिज नावाच्या स्थानबद्धाने बेकायदा कैदेबद्दल दावा लावला आणि गृहमंत्री जॉन अँडरसन यांचे 'वाजवी कारण' कोणते ते सांगा, एवढेच मागितले. 3 नोव्हेंबर 1941 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायपीठ) चार विरुद्ध एक मतांनी ती मागणी फेटाळली. मंत्र्याला प्रामाणिकपणे तसे वाटले की झाले! संसदेने भांडून घालून घेतलेला शब्द न्यायाधीशांनी असा पुसून टाकला. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात राहिले. त्यांचे उदाहरण साधे होते: 'एखाद्याचा घोटा मोडला असेल तर' याचा अर्थ 'घोटा मोडला असे त्याला वाटत असेल तर' असा कधीच होत नाही. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदे मुके होत नाहीत, हे त्यांचे वाक्य याच निकालातले.

आता पोलिसांविषयी. शिस्तीचा तपास अधिकारी म्हणून नायक पटतो, कारण त्या काळी पोलिसांचे साधे अधिकार आपल्याला वाटतात त्यापेक्षा तोकडे होते. चोरीच्या मालासाठी घरझडतीचे वॉरंट मिळे. पण खुनाचा पुरावा शोधण्यासाठी वॉरंट देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला नव्हता. ही उणीव 1984 च्या कायद्याने भरून काढली. एरवी घरमालकाची संमती किंवा प्रत्यक्ष अटक, एवढाच मार्ग. उलट 1911 च्या गोपनीयता कायद्याखाली, राष्ट्रहितासाठी तातडी असेल तर, पोलीस सुपरिंटेंडंट स्वतःच्या लेखी हुकमाने झडती घेऊ शकत होता. पटकथेत कुणी 'युद्धाचा मामला आहे' म्हणाले की अधिकाराचे मोजमाप असे बदलते.

जाता जाता अनुवादकांसाठी: संशयिताला द्यायच्या सूचनेत 'तुमच्याविरुद्ध वापरले जाईल' असे भाषांतर करू नये. न्यायाधीशांनी पोलिसांसाठी घालून दिलेल्या नियमांत 'विरुद्ध' हा शब्द मुद्दाम टाळायला सांगितले होते. बोललेले लिहून घेतले जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल, एवढेच. पुरावा निर्दोष माणसाच्या बाजूनेही जाऊ शकतो.

लेखकाने मालिकेतल्या अधिकाऱ्याला 'युद्धकाळात स्वातंत्र्य जपणारा' म्हटले आहे. पण 18-ब खालच्या माणसापर्यंत असा अधिकारी पोहोचतच नव्हता. बेन ग्रीन या शांततावाद्याचे प्रकरण पाहा. गुप्तहेर खात्याच्या हॅराल्ड कुर्ट्झ नावाच्या खबऱ्याच्या शब्दावर तो आत गेला. त्याचेही अपील लॉर्ड्सने लिव्हरसिजबरोबर त्याच दिवशी फेटाळले. मालिकेत शोभावा असा तपास इथे खरोखर झाला, पण पोलिसांकडून नाही: ग्रीनच्या वकिलाने खबऱ्याला हुडकून प्रश्न विचारले आणि आरोप ढासळले. न्यायालयात हरलेला ग्रीन जानेवारी 1942 मध्ये सुटला, तोही गृहमंत्र्याच्याच सहीने.

आपला,
एक वाचक