पहिला फोन चांगल्या बातमीचा

बडोदा

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मुख्याध्यापकाचा पदभार तुझ्याकडे आला याचा खूप आनंद झाला, पण पत्रातला सूर वाचून बेचैन झालो. पटसंख्या घसरतेय, शिक्षक कामापुरतं बोलतात, पालक सभेला चार डोकी येतात. अशात आशा धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक नाही का, असं विचारतोस. मला तसं वाटत नाही. 'होईल सगळं नीट' म्हणत फिरण्याला मी आशा म्हणतच नाही. समोरच्याच्या हातून अजून चांगलं घडेल असं धरून आज त्याच्याशी वागायचं, एवढंच. त्यासाठी आधी तो माणूस ओळखीचा व्हावा लागतो.

आमच्या शाळेत चौथीत एक मुलगा होता. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. शाळेचा फोन म्हणजे तक्रार, हे त्या घरात ठरूनच गेलेलं. एका दुपारी पोराने अख्खा धडा न अडखळता वाचला. त्याच्या वर्गाच्या बाईंना म्हटलं, आत्ताच घरी फोन लावा. पलीकडून पहिला प्रश्न, "आता काय केलं त्याने?" बाईंनी सांगितलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "थांबा, त्याच्या आईला देतो. तिला परत सांगा." पुढच्या सभेला दोघं आली ती थेट पुढच्या बाकावर बसली. आता रिवाजच पडलाय: घरी पहिला फोन चांगल्या बातमीचा. तक्रारीची वेळ पुढे येतेच, पण तोवर ओळख झालेली असते.

शिक्षकांचंही तसंच. सकाळी मी फाटकावर उभा राहतो. कुणाच्या सासूबाई दवाखान्यात आहेत, कुणाच्या मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, हे तिथेच कळतं आणि तास बदलून देता येतो. मात्र नुसत्या गोड बोलण्याने भागत नाही रे. कुणी रोज वर्गावर उशिरा जात असेल तर त्याला एकट्याला बसवून स्पष्ट सांगावं लागतं; नाहीतर मन लावून शिकवणाऱ्यांचाच विश्वास उडतो.

ब्रिक आणि श्नायडर या अभ्यासकांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २००२ मध्ये हेच मांडलं. जिथे शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक यांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे वाचन-गणितात सुधारणा होण्याची शक्यता २ पैकी १. जिथे नव्हता, तिथे ७ पैकी १. भरवसा कशावर ठरतो, तर आदर, कामातली हुशारी, आपुलकी आणि सचोटी. चारही लागतात.

आमच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडही होता. मला त्या धाडसाचा फार अभिमान वाटतो. पण दंडाच्या धाकाने मूल शाळेत आलं, तरी ते तिथे रमेल की नाही हे वर्गातल्या माणसांवरच ठरणार.

तू लिहिलेस त्या ज्येष्ठ गुरुजींना काही सुचवण्याआधी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पूर्ण ऐक. हातात वही नको. तपासणीला त्यांच्याकडे पुष्कळ जण येऊन गेले असतील. तासानंतर जे खरोखर आवडलं तेवढंच सांग आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

दिवाळीच्या सुट्टीत वहिनींना घेऊन इकडे ये. चौथीच्या त्या बाईंशीही गाठ घालून देतो. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
विनू