तालमीचा दिवस

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री आपला फोन मध्येच बंद झाला, तो तू ठेवलास की आपोआप तुटला, हे मी विचारणार नाही. पावसाने शेड्युल घसरले आहे, चित्रपट ठरल्या खर्चात पुरा होईल याची हमी घेतलेल्या बाँड कंपनीचा माणूस रोज हिशेब मागतो आहे आणि म्हणून नदीकाठच्या लढाईच्या तालमीचा स्वतंत्र दिवस रद्द करून सकाळी तालीम व दुपारी चित्रीकरण असे तुम्ही ठरवले आहे, एवढे मला समजले. त्या निर्णयाविषयी या पत्रात काही लिहायचे नाही, असे ठरवूनच मी बसले आहे. निर्माती तू आहेस.

तुझ्यावरचा ताण मला कळत नाही असे मात्र समजू नकोस. तू पाठवलेले अंदाजपत्रक मी दोनदा वाचले. इतकी वर्षे विम्याचे दावे तपासल्यावर आकड्यांची भीती वाटत नाही, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांची वाटते. पडद्यावर हजार सैनिक दिसायचे तर हजार गणवेश, हजार जोडी बूट, पहाटेपासून रंगभूषेच्या रांगा, प्रत्येकाच्या हातातले हत्यार देणारा आणि संध्याकाळी मोजून परत घेणारा माणूस, हे सारे उभे करावे लागते, आणि आभाळ फाटले तरी त्या दिवसाचा खर्च थांबत नाही. आकस्मिक खर्चासाठी राखलेले दहा टक्के पावसातच वाहून गेले आणि खर्च आणखी वाढला, तर करारानुसार बाँड कंपनी चित्रपट तुझ्या हातातून काढून घेऊ शकते. अशा वेळी एक दिवस वाचवावासा वाटणे स्वाभाविक आहे.

तुझे बाबा म्हणतात की युद्धपट काढणाऱ्याचे हे नशीबच असते. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या वेळी १९७६ साली फिलिपिन्समध्ये वादळाने सेट उद्ध्वस्त केले, सरकारने दिलेली हेलिकॉप्टरे बंडखोरांशी लढण्यासाठी अधूनमधून परत बोलावली जात, नायकाला छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि दिग्दर्शक कोपोलाने स्वतःची मालमत्ता तारण ठेवली, ही हकिकत ते मला दर आठवड्याला नव्याने सांगतात. मला त्यापेक्षा १९७० चा ‘वॉटर्लू’ आठवतो. त्यासाठी सोव्हिएत लष्कराने सुमारे पंधरा हजार खरे सैनिक दिले, रणांगण जुळावे म्हणून टेकड्या सपाट केल्या, आणि एवढे करूनही चित्रपट तिकीटबारीवर आपटला. उलट ‘डंकर्क’मध्ये दूरवरच्या गर्दीसाठी पुठ्ठ्याचे सैनिक आणि पुठ्ठ्याची वाहने उभी केली होती. काटकसर कुठे करता येते याचा एवढा चांगला नमुना दुसरा नसेल. मागच्या रांगेतले तीनशे लोक कमी कर, उरलेले संगणकावर वाढव, पण तालीम...

पाहा, ठरवूनही लेखणी तिकडेच वळते.

लष्कराशी चाललेला पत्रव्यवहार तू संयमाने हाताळलास, याचा मला फार अभिमान वाटला. रणगाडे आणि पूल बांधणारी तुकडी हवी तर ते पटकथा वाचणार, वाचली की बदल सुचवणार, हे कुठल्याही देशात चुकत नाही. त्यातले काय मान्य करायचे आणि कशासाठी स्वतःच्या खर्चाने बनावट रणगाडा उभारायचा, ही रेषा तू नेमकी ओढलीस. त्या कॅप्टनचा प्रसंग गाळायला तू नकार दिलास हे शिरीषकडून कळले, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी ती गोष्ट फोनवरून नंदाला सांगितली, मग वसंताला सांगितली आणि मग परत मलाच सांगितली.

‘१९१७’ची गोष्ट मात्र मला लिहायलाच हवी. संपूर्ण चित्रपट अखंड घेतल्यासारखा दिसायचा असल्यामुळे त्यांना ढगाळ उजेडच हवा होता. ऊन पडले की युनिट कॅमेरा थांबवून तालीम करत राही. त्याआधी कित्येक महिने मोकळ्या माळावर खुणा रोवून नट चालत, बोलत, पळत होते, आणि संवादाला जेवढे अंतर लागेल तेवढाच खंदक पुढे खणला गेला. म्हणजे तालीम ही तिथे खर्चाची बाब नव्हती. खर्च किती करायचा हे तालमीतून ठरत होते. तुझ्या नदीकाठावर सुरुंगांच्या तीन रांगा आहेत, त्यांच्यामधून पळणारी माणसे आहेत आणि वरून हेलिकॉप्टर जाणार आहे. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाशी थेट कोण बोलणार, हे सकाळच्या दोन तासांत ठरेल का?

तू म्हणशील की आईला जुने दावे आठवत आहेत. होय, आठवतात. २३ जुलै १९८२ च्या रात्री ‘ट्वायलाइट झोन: द मूव्ही’साठी व्हिएतनाम युद्धाचा प्रसंग चित्रित होत होता. हेलिकॉप्टर जमिनीपासून जेमतेम २५ फुटांवर होते, स्फोट त्याच्या फार जवळ झाले, ते कोसळले आणि त्यात एक अभिनेता व दोन लहान मुले गेली. मुलांना तर कायदा डावलून रात्री कामावर आणले होते. चौकशीत स्फोटांबरोबर आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले गेले: दिग्दर्शक आणि वैमानिक यांच्यात थेट संपर्क आणि समन्वय नव्हता. खटला चालला, १९८७ साली सगळे आरोपी निर्दोष सुटले. कोर्टाचा निकाल हाती असला तरी अशा सेटवरून निर्माती घरी कशी परतत असेल, याचा मी कालपासून विचार करते आहे.

हे व्याख्यान झाले. क्षमा कर. तुझ्या स्फोटप्रमुखाला हे सगळे माझ्याहून जास्त ठाऊक आहे आणि तू त्याची निवड किती चौकशी करून केलीस हेही मला माहीत आहे.

पण तुला भाऊकाका आठवतात ना? धरणाच्या कामावरचे त्यांचे किस्से ऐकताना तू त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून पाहायचीस, आणि एकदा सर्वांसमोर विचारलेसही की उरलेली दोन बोटे कुठे आहेत. ते हसले होते. मग त्यांनी तुला मोजायला शिकवले: सुरुंग किती भरले ते आधी मोजायचे, उडाले किती ते कानांनी मोजायचे, आणि एक जरी कमी ऐकू आला तरी जागचे हलायचे नाही, मुकादम ओरडला तरी नाही. त्यानंतर महिनाभर तू गॅलरीत बसून उगाचच टाळ्या मोजत होतीस आणि शेवटची टाळी मुद्दाम गाळून आम्हा सगळ्यांना पुतळ्यासारखे उभे करत होतीस. मी हातात भांडे घेऊन, बाबा एका पायात चप्पल घालून. तुझा पहिला सेट तोच. त्या मुलीच्या शब्दावर आज चारशे माणसे हलतात आणि थांबतात, हे मनात आले की ऊर भरून येतो आणि लगेच भीती वाटते.

शेवटचा नग फुटला नाही तर तुझ्या युनिटमध्ये थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? दिग्दर्शकाला आहे, फर्स्ट एडीला, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाला आहे, हे तू सांगितलेस. पळणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टला आहे का? त्याला तो आहे हे माहीत आहे का? ‘रस्ट’च्या सेटवर २०२१ मध्ये बंदुकीत खरी गोळी निघाली आणि छायालेखिकेचा जीव गेला, त्याच सकाळी कॅमेरा विभागातले काही जण तिथल्या परिस्थितीला कंटाळून काम सोडून गेले होते. कोणी तरी आधी बोललेले असते, मृण्मयी. घाईच्या दिवशी ते ऐकायला कोणाला सवड नसते.

आता कामाचे लिहिते. स्फोट आणि स्टंट यांच्या आराखड्यात बदल झाला की तो विमा कंपनीला आगाऊ लेखी कळवावा लागतो. तुझ्या पॉलिसीतही ते कलम असणार, शोधून काढ. तालमीचा दिवस रद्द करणे हा असाच बदल आहे, आणि तो न कळवता काही विपरीत घडले तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळेल. बाँडवाल्यांनाही ही भाषा चटकन समजते: एका दिवसाचा खर्च एका बाजूला, विम्याविना थांबलेला चित्रपट दुसऱ्या बाजूला. त्यांच्या माणसाशी भांडू नकोस, फक्त हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेव. विमा कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. भाषा जड वाटली तर खुशाल बदल, तालमीची तारीख मात्र मी लिहिली आहे तीच राहू दे, आणि पत्र सोमवारच्या आत त्यांच्या हातात पडेल असे पाहा.

तुझी,
आई