तुमच्या खणातला मोठा पट्टा

डॉक्टर मॅडम,

परवा रिपोर्ट दाखवायला आले तेव्हा बाहेर पेशंटची रांग होती, म्हणून नुसतं "येते" म्हणून निघाले. पण घरी आल्यापासून राहवत नाहीये. जे म्हणायचंय ते चारचौघांत म्हणावं असंच आहे, म्हणून हे उघड पत्र.

वजन १०९ वरून ९२ वर आलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९ होती, ती ६.१ झाली. या सगळ्याचे आभार आहेतच, पण सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते बीपीच्या पट्ट्याचे.

तुम्हाला आठवतही नसेल. पहिल्या भेटीत तुम्ही माझ्या दंडाकडे एकदा पाहिलंत, टेबलाचा खण उघडलात आणि मोठ्या मापाचा पट्टा काढून बांधलात. त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. पट्टा दंडाभोवती नीट बसला, फुगला, उतरला. माझे डोळे भरून आले, तेव्हा तुम्ही फाइलमध्ये काहीतरी लिहीत राहिलात आणि मला सावरू दिलंत.

त्याआधी जिथे जिथे गेले तिथे नेहमीच्या मापाचा पट्टा चर्रकन उघडायचा. मग सिस्टर दोन्ही हातांनी तो दाबून धरायच्या, दुसरी कुणीतरी हसायची, आणि बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं वजन सांगितलं जायचं. आकडा जास्त आला की गोळी वाढायची. पट्टा लहान पडला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही मोठा पट्टा मागवावासा वाटला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एका डॉक्टरांनी तर मान वर न करता "तोंडावर ताबा ठेवा" एवढंच सांगून फी घेतली होती. गुडघे दुखतात म्हटलं तरी वजन, घसा दुखतो म्हटलं तरी वजन. आणि वजनावर उपाय काय, तर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल असा छापील कागद.

तुम्ही विचारलंत, "घरी भाकरी कशाची करता?" ज्वारीची म्हटल्यावर म्हणालात, "मग तीच खा. फक्त उसळ आधी, भाकरी नंतर." माझ्याच ताटातली मटकी, मूग, ताक, अंडं, पिठलं तुम्ही पुढेमागे केलंत, बाहेरचं काही आणायला लावलं नाहीत. घरातल्या सगळ्यांचं जेवण एकच राहिलं. बाईच्या आयुष्यात ही किती मोठी सोय असते, ते स्वयंपाक करणारीलाच कळतं.

इंजेक्शनचंही तसंच. साखर आणि वजन उतरवणारं टिर्झेपेटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं आणि तेव्हापासून जो तो त्याच्यावर बोलतोय. तुम्ही मात्र लिहून देण्याआधी घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे बारकाईने विचारलंत. औषधाने पोट हळू रिकामं होतं, भूक कमी होते, सुरुवातीला मळमळेल, तळलेलं सोसणार नाही, हे सांगितलंत. खर्च किती येईल तेही स्पष्ट सांगितलंत आणि "घरी बोला, मग ठरवा" म्हणालात. औषध थांबवल्यावर भूक परत येते आणि बऱ्याच जणांचं वजनही परत चढतं, हेसुद्धा पहिल्याच दिवशी. औषध देणाऱ्याने त्याची उणी बाजू आपणहून सांगावी, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

नुसतं कमी जेवलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतील, असं म्हणून तुम्ही व्यायामाचा आग्रह धरलात. सुरुवात काय, तर हात न टेकता खुर्चीतून उठायचं. तेवढंच. मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, मग चालणं. आता सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने 'चार भिंती' स्मारकापर्यंत न थांबता चढते. वाटेत ओळखीच्या बायका विचारतात, "इंजेक्शन घेतेस म्हणे? सोपा मार्ग काढलास." बीपीच्या गोळीला कुणी सोपा मार्ग म्हणत नाही. वजन उतरलं की शरीरच भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं, हे तुम्ही मला समजावलंत, तसंच मी त्यांना समजावते. काही ऐकतात, काही नाही.

माणसाला न दुखावता मदत करणारी माणसं फार थोडी असतात. बँकेत, बसमध्ये, शाळेत, जिथे भेटली तिथे मला ती लक्षात राहिली आहेत. एस.टी.त मुकाट्याने सरकून जागा देणाऱ्या एक आजी मला अजून आठवतात. तुम्ही त्यांच्यापैकी आहात.

माझी थोरली बहीण कित्येक वर्षं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिचे पाय सुजतात, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, तरी "तिथे जाऊन बोलणी कोण खाणार" म्हणते. तुमच्याबद्दल तिला सगळं सांगितलं. येत्या शनिवारी यायला तयार झाली आहे. सकाळची पहिली वेळ मिळाली तर बरं होईल, गर्दीत तिला अवघडल्यासारखं होतं.

तुमची,
साताऱ्याची एक पेशंट