खडे झालेला युरिया आणि ऑक्सिजनचे चार हायड्रोजन बंध

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या आठवड्यात खतांतील भेसळ कशी ओळखावी याविषयी जो मजकूर आला, त्यातील दोन विधाने आणि एक आकृती यांबद्दल हे पत्र लिहीत आहे. पोत्यातील युरियाचे खडे झाले असतील तर तो भेसळीचा समजावा, हे पहिले विधान. दमट हवेत युरियाच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध तुटतात आणि नत्र (नायट्रोजन) उडून जाते, म्हणून असे खत निरुपयोगी ठरते, हे दुसरे. आकृतीविषयी शेवटी लिहितो. एरवी असे काही वाचून मी पान उलटले असते, परंतु मजकूर आल्यानंतर दोनच दिवसांनी, खानापूर तालुक्यातील आमच्या गावी, शेजारचे एक शेतकरी नारळाएवढा पांढरा खडा आपल्याच अंकाच्या त्या पानात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "काय ओ सर, ह्यात मीठ मिसळलंय काय?" दोन पोती परत करण्यासाठी त्यांनी ट्रॉलीत चढवून ठेवली होती.

मी तीसेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने थोडी काचेची भांडी आणि काही बाटल्या अजून घरात आहेत. खड्याचा चिमूटभर चुरा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून त्यात नायट्रिक आम्लाचा एक आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. मीठ असते तर दह्यासारखा पांढरा साका लगेच दिसला असता. तसे काही झाले नाही. वर कडुनिंबाच्या तेलाचा पुसटसा तवंग तेवढा होता, आणि तो असायलाच हवा, कारण २०१५ पासून देशात शेतीसाठीचा जवळजवळ सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊनच विकला जातो. पोती ट्रॉलीतून खाली उतरली. मात्र मग खडा झालाच कसा, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तासभर लागला, आणि ते उत्तर युरियाच्या स्फटिकरचनेत आहे.

युरियाचा रेणू अगदी लहान, आठ अणूंचा. मधोमध कार्बन, त्याला दुहेरी बंधाने जोडलेला एक ऑक्सिजन, आणि दोन बाजूंना दोन नायट्रोजन, ज्यांच्याजवळ प्रत्येकी दोन हायड्रोजन. रेणुभार केवळ ६०. आता याच्या जवळपासच्या भाराचा दुसरा पदार्थ पाहा: नखांचा रंग पुसायला वापरतात त्या ॲसिटोनचा रेणुभार ५८, त्यातही कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन, पण ते पातळ आणि ५६ अंशांना उकळून जाणारे. कपाटात ठेवण्याच्या डांबरगोळीतील नॅफ्थालीनचा रेणू तर युरियाच्या दुपटीहून जड, रेणुभार १२८. तरीही ते ८० अंशांना वितळते आणि नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत झिजून नाहीसे होते. युरिया मात्र १३३ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि पोते वर्षभर ठेवले म्हणून त्यातला युरिया डांबरगोळीसारखा हवेत विरत नाही. एवढ्याशा रेणूंना इतके घट्ट धरून ठेवणारे जे काही आहे, ते म्हणजे हायड्रोजन बंध.

नायट्रोजन आपल्याजवळील हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे हायड्रोजन किंचित धनभारित होतो आणि शेजारच्या रेणूतील ऋणभारित ऑक्सिजनकडे ओढला जातो. ही ओढ म्हणजे हायड्रोजन बंध. तो रेणूच्या आतील खऱ्या रासायनिक बंधाइतका बळकट नसतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांना जोडणारा बंध तोडायला मोलमागे ३९० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, तर असा हायड्रोजन बंध वीसेक किलोज्यूलमध्ये सुटतो. त्याचे बळ संख्येत आहे, आणि संख्येच्या बाबतीत युरियाने कसलीच कसर ठेवलेली नाही.

स्फटिकात रेणू कसे मांडलेले असतात हे मुलांना सांगताना मी आगगाडीच्या खेळाचा दाखला देत असे. पुढच्याच्या खांद्यांवर मागच्याने दोन्ही हात ठेवायचे आणि रांग करून धावायचे. युरियाचा प्रत्येक रेणू आपल्या दोन नायट्रोजनांवरील एकेक हायड्रोजन असाच पुढे करतो आणि त्या दोघांच्या बेचक्यात पुढच्या रेणूचा एकच ऑक्सिजन धरला जातो. अशा रांगा स्फटिकाच्या उभ्या दिशेने सलग जातात. शेजारची रांग मात्र उलट्या दिशेने तोंड करून असते, आणि तिच्यातील रेणूंची पातळी पहिल्या रांगेशी काटकोनात असते. प्रत्येक रेणूचे उरलेले दोन हायड्रोजन बाजूला, या उलट्या रांगांमधील ऑक्सिजनांकडे वळलेले असतात. म्हणजे एक रेणू चार हायड्रोजन देतो, आणि त्याच्या ऑक्सिजनवर चार हायड्रोजन येतात: दोन स्वतःच्या रांगेतून, दोन शेजारच्या रांगांतून. सहा शेजाऱ्यांशी आठ बंध. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांतील अंतर सुमारे २ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांतील सुमारे ३.

स्फटिकाची सर्वांत लहान पुनरावृत्त पेटी, जिला एकक कोष म्हणतात, तिचा तळ चौरस आहे, बाजू ५.६६ अँगस्ट्रॉम, उंची ४.७१, आणि तिच्यात दोन रेणू. ही संख्या पाठ करण्यासाठी नाही. कोषाचे घनफळ काढा, ते १५०.९ घन अँगस्ट्रॉम येते. दोन रेणूंचे वस्तुमान त्यात बसवून घनता काढली तर घन सेंटिमीटरला १.३२ ग्रॅम मिळते, आणि प्रयोगशाळेत मोजलेली घनताही तेवढीच भरते. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या पेटीचे माप तराजूवर पडताळून पाहता येते, याचे मला शिकवताना दर वर्षी नव्याने नवल वाटे.

१८२८ साली फ्रेडरिक व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. त्यानंतर त्याच्या स्फटिकाच्या आत काय आहे हे कळायला शतक जावे लागले. क्ष-किरणांनी १९२३ मध्ये मार्क आणि वायसनबर्ग यांनी, आणि पुढे १९२८ मध्ये हेंड्रिक्स यांनी ही रचना अभ्यासली. पण क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनपाशी जेमतेम एक इलेक्ट्रॉन, त्यामुळे ज्याच्या नावाने हा बंध ओळखला जातो तो हायड्रोजनच धूसर राही. न्यूट्रॉन अणूंच्या केंद्रकांवरून विखुरतात, त्यांना हायड्रोजन स्पष्ट दिसतो. युरियातील हायड्रोजनांच्या जागा न्यूट्रॉन विवर्तनाने १९५७ मध्ये वोर्शम, लेव्ही आणि पीटरसन यांनी निश्चित केल्या. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे १९६० साली सुरू झालेल्या सायरस अणुभट्टीच्या न्यूट्रॉनांवर राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने अमिनो आम्लांमधील हायड्रोजन बंध अभ्यासले.

आता खड्याकडे येतो. चार हायड्रोजन देणारा आणि चार घेणारा रेणू पाण्याला परका नसतो, कारण पाण्याचा रेणूही हायड्रोजन देतो आणि घेतो. म्हणून २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून अधिक युरिया विरघळतो. हवेतील बाष्पही त्याला पुरते. ३० अंशांना सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरियाचे दाणे हवेतून पाणी ओढू लागतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर द्रावणाचा पातळ थर साचतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाची ज्यांना कल्पना आहे त्यांना मृगापासून पुढे ७३ टक्के म्हणजे काहीच नव्हे, हे सांगायला नको. आठ-दहा दिवसांची संततधार संपून उघडीप पडली, वारे सुटले, की ते पाणी पुन्हा उडते आणि द्रावणातील युरिया पुन्हा स्फटिक होतो. मात्र आता तो दोन दाण्यांच्या सांध्यात स्फटिक होतो आणि त्यांना जोडून टाकतो. तीच रांग, तेच चार बंध, फक्त एका दाण्यातून दुसऱ्या दाण्यात गेलेले. थप्पीत खाली असलेल्या आणि ओल्या भिंतीला टेकलेल्या पोत्यात हे आधी होते, कारण तेथे दाणे दाबून एकमेकांना चिकटलेले असतात. शेजाऱ्यांची दोन्ही पोती नेमकी तशीच भिंतीकडची होती.

म्हणजे खडा होणे हे युरिया शुद्ध असण्याच्या विरुद्ध जात नाही. कुदळीच्या दांड्याने फोडला की तो पूर्वीचाच युरिया, ४६ टक्के नत्राचा. खड्यात भेसळ नसतेच असे माझे म्हणणे नाही. खड्यावरून ती ओळखता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

हायड्रोजन बंध तुटल्याने नत्र उडते, हे विधान तर रसायनाच्या दृष्टीने उलटसुलट आहे. युरिया पाण्यात विरघळतो तेव्हा रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात, रेणू मात्र अख्खा राहतो. नायट्रोजन कार्बनला ज्या बंधाने जोडलेला आहे त्याला धक्काही लागत नाही. नत्र उडते ते शेतात, जमिनीतील युरिएज या विकराने (एन्झाइमने) रेणूच फोडून अमोनिया तयार केल्यावर, आणि तेही खत उन्हात जमिनीच्या पृष्ठभागावर उघडे टाकल्यास जास्त. योगायोग असा की स्फटिकरूपात मिळवलेला पहिला विकर हा युरिएजच. जेम्स समनर यांनी १९२६ साली तो एका जातीच्या घेवड्यापासून वेगळा केला आणि १९४६ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी विभागून मिळाले. रेणूंमधील बंध आणि रेणूच्या आतील बंध यांतली ही गल्लत आपल्या लेखकाचीच आहे असे नाही. आमची मुले दहावीपर्यंत मराठीतून 'हायड्रोजन बंध' शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर सगळे इंग्रजीतून ऐकतात. या सांध्यावर नेमकी हीच गोष्ट निसटते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

त्याच मजकुरात पाण्यात टाकल्यावर गार लागतो तो अस्सल युरिया, असेही म्हटले होते. हे अर्धे खरे. मी शेजाऱ्यांसमोर १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम खत टाकून तापमापी धरली. पारा २७ वरून १६ वर आला आणि पेल्याला बाहेरून घाम फुटला. स्फटिकातील बंधांचे जाळे सोडवायला जी ऊर्जा लागते, तितकी पाण्याशी नवे बंध जुळताना परत मिळत नाही. तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते. परंतु पोटॅश विरघळतानाही पाणी गार होते. तेव्हा गार लागणे हे युरियाचे लक्षण आहे, पुरावा नाही. शंका असल्यास नमुना माती व खत परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवणे हाच मार्ग.

त्यानंतर आम्ही तेच द्रावण काचपट्टीवर थेंबभर घेऊन उन्हात ठेवले. दहा मिनिटांत कडेपासून पांढऱ्या बारीक सुया आत सरकू लागल्या, भिंगातून त्या एकीपुढे एक वाढताना दिसत होत्या. सुईची लांबी म्हणजे रेणूंच्या त्या रांगांची दिशा. पाण्यातून वाढताना स्फटिक त्याच दिशेने भराभर लांबतो. शुद्ध युरियाच्या सुया याहून लांब निघतात, कारण खतात थोडे बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारा जोडपदार्थ) असते आणि ते रांगेच्या टोकाशी अडसर करते. शेजाऱ्यांनी भिंग बराच वेळ सोडले नाही.

राहता राहिली आकृती. तीत युरियाच्या ऑक्सिजनवर दोनच हायड्रोजन बंध काढले होते. आकृती काढणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोड्या, म्हणून दोन बंध, हा हिशेब कोणीही विद्यार्थी करील आणि बर्फाच्या बाबतीत तो बरोबरही ठरतो. युरियात मात्र देणारे हायड्रोजन चार आणि घेणारा ऑक्सिजन एकच, कारण नायट्रोजनांच्या एकाकी जोड्या कार्बनकडे गुंतलेल्या असतात. दोनच बंध दाखवले तर प्रत्येक रेणूचे दोन हायड्रोजन अधांतरी राहतात, आणि रांगा एकमेकींना कशाने धरल्या आहेत याचे उत्तर चित्रात उरत नाही. दुरुस्ती छापताना रांगेतील दोन बंध कागदाच्या पातळीत दाखवावेत आणि शेजारच्या रांगांतून येणारे दोन बंध तुटक रेषांनी, एक वाचकाच्या बाजूने व एक कागदाच्या मागून येणारा असा काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव