बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस हवी

राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिनानिमित्त (११ एप्रिल) आपल्या अंकात प्रसिद्ध झालेला लेख स्वागतार्ह आहे. मात्र जिवावर बेतलेली प्रसूती, तातडीची शस्त्रक्रिया किंवा प्रसूतिकक्षातील अपमानास्पद वागणूक यांमुळे मनावर होणाऱ्या आघाताचा त्यात उल्लेखही नाही. तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून घाबरणे, झोप उडणे, रुग्णालयाच्या नावानेही थरकाप होणे ही आघातोत्तर तणावाची लक्षणे असू शकतात, आणि ‘बाळ सुखरूप आहे ना’ एवढे म्हणून घरोघरी ती बाजूला सारली जातात, हे क्लेशदायक आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा सेविका ४२ दिवसांत सहा भेटी देतात, तर प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची १९८७ मधील एडिनबर्ग प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. आशा सेविकांना प्रशिक्षण व वाढीव मोबदला देऊन, ही प्रश्नावली आणि प्रसूतीच्या अनुभवाची विचारपूस राज्य सरकारने या भेटींत समाविष्ट करावी.

– एक वाचक, सातारा