चष्मा करून न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या आषाढात संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याजवळच्या तुमच्या दुकानात आले होते. एकाचे दोन दिसतात, नंबर वाढला असेल, म्हणाले. तुम्ही मला छतावरच्या ट्यूबलाइटकडे बघत राहायला सांगितलंत. मिनिटभरात डावी पापणी हळूहळू खाली उतरली. तुम्ही गप्पच आरसा पुढे धरलात. "ताई, उद्या सकाळी दुकान उघडताच या." सकाळी पापणी जागेवर होती, दिसतही एकच होतं. "हा नंबरचा प्रश्न नाही. नसांच्या डॉक्टरांना दाखवा, चष्मा मी करून देणार नाही."

त्याआधी चार महिने एका दवाखान्यात वयाचा थकवा म्हणून मला शक्तीच्या गोळ्या मिळत होत्या. रात्री भाकरी चावताना जबडा इतका दमायचा की हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास संपवावा लागायचा. हे तिथे सांगूनही कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

न्यूरॉलॉजिस्टांनी पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि ती वर गेली! रक्तात अँटिबॉडी, म्हणजे माझ्याच शरीरावर उलटलेली संरक्षक प्रथिनं, सापडल्या. मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू न देणारं माझंच शरीर. मग छातीचा सीटी स्कॅन. डोळ्याच्या दुखण्यात छाती कशाला, मला कळेना. पण या आजाराच्या शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांना थायमसची गाठ असते. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते, लहानपणी प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. माझ्या तिथे साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. थायमोमा.

अख्खा थायमस काढला. गाठ आवरणाच्या आतच होती, त्यामुळे रेडिएशन लागलं नाही. पापणी मात्र लगेच सुधारली नाही, नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालूच आहेत. या गाठीबरोबर क्वचित लाल पेशी तयार होणं थांबतं किंवा प्रतिकारशक्ती घटते, म्हणून रक्ताकडेही लक्ष असतं. काही अँटिबायोटिक्सनी आजार बळावतो. त्यांची यादी पर्समध्ये ठेवलीय. गाठ परत येऊ शकते, तेव्हा दरवर्षी स्कॅन.

काका, त्या दिवशी तुम्ही चष्मा दिला असता तर मी तो घालून निमूट घरी गेले असते.

परवा रात्री बाजरीची अख्खी भाकरी खाल्ली, हनुवटीला हात न लावता. आईनं पाहिलं आणि काही न बोलता दुसरी वाढली.

या महिन्यात वाचायच्या चष्म्यासाठी येतेय. संध्याकाळीच येईन, ट्यूबलाइट लावून ठेवा.

तुमची,
आषाढातली ती ताई