लोअरिंग स्प्रिंगांच्या सदोष संचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोटार सुटे भाग विक्री विभाग

विषय : पुढच्या दोन स्प्रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या निघाल्याबद्दल, संच परत घेऊन पूर्ण पैसे मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी माझ्या मारुती स्विफ्टसाठी चार लोअरिंग स्प्रिंगांचा (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा) संच आणि त्यासोबत तुमचाच स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) मागवला. संच १४,८०० रुपयांचा, कॉम्प्रेसर २,२०० रुपयांचा. संच सदोष असल्याचं मी फोन करून, ईमेल करून, फोटो पाठवून कळवलं. शेवटी उत्तर आलं की स्प्रिंगा अधिकृत गॅरेजमध्ये न बसवता घरी बसवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. फोनवर दर वेळी नवीन माणूस असतो आणि गाडी कुठली इथपासून सुरुवात करावी लागते, म्हणून आता सगळं कागदावर देतो.

आधी ‘घरी’ या मुद्द्याचं बघू. ‘घरच्या घरी बसवा’ हे तुमच्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आहे. कॉम्प्रेसरही मी शोधायला गेलो नव्हतो. पैसे भरायच्या आधी ‘हेही सोबत घ्या’ म्हणून तुम्हीच पुढे केलात. गॅरेजवाल्याकडे स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, तो गिऱ्हाइकाला विकत आणायला सांगत नाही. म्हणजे २,२०० रुपये घेताना घर चाललं आणि वॉरंटीची वेळ आली तेव्हा तेच घर नडलं.

मी आयटीआय झालेला फिटर आहे. मये गावी माझ्या घरामागे काँक्रीटची सपाट जागा आहे, तिथे हे काम केलं. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली. कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळल्या, स्प्रिंगचा ताण पूर्ण सुटल्याची खात्री केली आणि मगच टॉप नटला हात लावला. स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत नीट बसलंय की नाही ते बोट फिरवून पाहिलं. मागच्या ॲक्सलच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले. तुमच्या डब्यातल्या एकपानी कागदावर यातलं काहीच नाही. एकही बोल्ट किती जोराने आवळायचा (टॉर्क) ते नाही, आणि स्प्रिंगची दाट वेढ्यांची बाजू वर येते की खाली, एवढंही नाही. हे सगळं मी सर्व्हिस मॅन्युअल बघून केलं.

आता खरी तक्रार. तुमचा दावा ‘चारही चाकांवर ३० मिमी खाली’ असा आहे. बसवण्याआधी मी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून ठेवली होती. बसवून, गाडी थोडी चालवून, स्प्रिंगा बसू देऊन पुन्हा मोजली. मागे दोन्हीकडे गाडी २८ मिमी खाली आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढे डावीकडे ३१ आणि उजवीकडे ४७. गाडी एका खांद्याने वाकून उभी राहते, हे शेजारच्या पोरांनाही दिसलं.

तुमचा माणूस म्हणाला, फिटिंगमध्ये चूक असेल. म्हणून मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि डावी उजवीकडे, उजवी डावीकडे बसवली. बाकी सगळं होतं तसंच. वाकलेपणा डावीकडे गेला. फिटिंगचा, शॉकअपचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) किंवा बॉडीचा दोष असता तर तो जागचा हलला नसता. स्प्रिंगबरोबर जो दोष बाजू बदलतो तो स्प्रिंगचाच असतो, यावर तुमच्या इंजिनिअरचं काही वेगळं मत असेल तर ते मला लेखी द्या.

मग दोन्ही स्प्रिंगा बाकावर ठेवून सळीची जाडी व्हर्निअरने मोजली. एकीची १२.० मिमी, दुसरीची ११.५. वेढे तेवढेच, घेर तेवढाच, उभी लांबी तेवढीच, रंग एकच, आणि स्टिकरवर दोन्हीकडे एकच पार्ट नंबर. पावडर कोटिंगमुळे फरक पडला असेल असं कोणी म्हणू नये, म्हणून टोकाशी थोडा रंग खरवडून पुन्हा मोजलं, फरक तेवढाच. अर्धा मिमी म्हणजे काय मोठं, असं तुमच्या फोनवरच्या मुलीला वाटलं. स्प्रिंगचा कडकपणा सळीच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १२ आणि ११.५ यांचा हिशेब केला तर एक स्प्रिंग दुसरीपेक्षा १८-१९ टक्के जास्त कडक निघते. दोन वेगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगा एका डब्यात भरून तुम्ही ‘जोडी’ म्हणून विकल्या, असा माझा अंदाज आहे.

याचा त्रास कसा होतो ते सांगतो. माझा पणजीला जायचा रस्ता मये-चोडण-रायबंदर, मध्ये फेरीबोट. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी रॅम्पचा उतार वाढतो आणि गाडीचं नाक आधी टेकतं. म्हणूनच विकत घेण्याआधी मी तुम्हाला रॅम्पचा फोटो पाठवून विचारलं होतं. ‘३० मिमीने काही होत नाही’ असं लेखी उत्तर आलं. कागदावर स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. त्यातून ३० गेले तर माझं भागत होतं. ४७ गेल्यावर ११६ राहतात, त्यात माणसं बसली की आणखी कमी. बंपरची उजवी कड रॅम्पला घासली, फोटो जोडला आहे. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं, ते वेगळंच.

जाहिरातीत ‘आरटीओ मान्य’ असंही लिहिलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२ अ प्रमाणे दंड होतो तो मालकाला, तुम्हाला नाही. प्रमाणपत्र डब्यात येईल असं तुम्ही लिहून दिलं होतं. डब्यात ते नव्हतं, मागूनही आलेलं नाही. नसेलच तर ते शब्द जाहिरातीतून काढा. डब्यावर उत्पादकाचं नाव आणि उत्पादनाचा महिनाही नाही.

गाडीवर आता मूळच्या स्प्रिंगा परत चढवल्या आहेत. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, घरी माणसं येणार, गाडी वाकडी ठेवून चालणार नव्हतं.

माझी मागणी : संचाचे १४,८०० रुपये आणि ज्याच्या जोरावर ‘घरी बसवा’ म्हणालात त्या कॉम्प्रेसरचे २,२०० परत द्यावेत. व्हील अलाइनमेंट दोनदा करावी लागली, त्याचे १,८०० द्यावेत. परत पाठवण्याचा खर्च तुमचा. बदली संच मला नको. जो कारखाना एका पार्ट नंबरखाली दोन जाडीच्या सळ्या पाठवतो, त्याच्या दुसऱ्या डब्यावर मी का विश्वास ठेवावा?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. महिन्याभरात पैसे न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे तुमच्या शहरात हेलपाटे घालायची मला गरज नाही.

तोपर्यंत चारही स्प्रिंगा स्टिकरसकट माझ्याकडे आहेत. तुमच्या माणसाने येऊन माझ्यासमोर मोजाव्यात, व्हर्निअर हवं तर स्वतःचं आणावं. कुरिअर पाठवणार असाल तर आधी फोन करायला सांगा, मागच्या वेळी डबा गावच्या दुकानात ठेवून गेले होते.

कळावे,

आपला ग्राहक,
मये, डिचोली, गोवा

सोबत : बिलाची प्रत, आधीचा ईमेल व्यवहार, उंचीच्या आणि सळीच्या मोजमापांचे फोटो, दोन्ही अलाइनमेंटच्या पावत्या, बंपरचा फोटो.